पहिल्या क्रमांकाची निवड आणि नऊ वर्षांची वाट: पिचर मार्क अपेलचं प्रकरण

1 फेब्रुवारी 2018 ला पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा खेळाडू, मार्क अपेलने बेसबॉलमधून बेमुदत विश्रांती घेत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा तो 26 वर्षांचा होता. 2013 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, ह्यूस्टन ॲस्ट्रोजने सगळ्या देशातून पहिला खेळाडू म्हणून त्याला निवडलं होतं आणि करारावर सही करताना 63 लाख 50 हजार डॉलर मोजले होते. पाच मोसम खालच्या मायनर लीगमध्ये घालवूनही मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीवर, त्याने एकही चेंडू टाकला नव्हता. ड्राफ्टच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या अपयशांच्या यादीत त्याचं नाव लागलं आणि प्रॉस्पेक्टवर, म्हणजे होतकरू खेळाडूंवर, लक्ष ठेवणाऱ्या बहुतेकांनी त्याची फाइल बंद केली.

29 जून 2022 ला, वयाच्या 30 व्या वर्षी, तो फिलाडेल्फिया फिलीजकडून अटलांटा ब्रेव्हजविरुद्ध सामन्याच्या नऊ इनिंगपैकी (डावांपैकी) शेवटच्या, नवव्या इनिंगला मैदानात उतरला आणि एकही धाव न देता परतला. पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या कुठल्याही खेळाडूने इतक्या उशिरा पदार्पण केलेलं नव्हतं.

या दोन तारखांच्या मधे आणि त्याआधीही जे घडलं ते सविस्तर पाहण्यासारखं आहे. मायनर लीगचे आकडे कसे वाचावेत आणि कसे वाचू नयेत, हे दुसऱ्या कुठल्याही खेळाडूपेक्षा अपेलच्या कारकिर्दीवरून मला जास्त कळलं. त्याच्याविषयी लिहिणाऱ्या बहुतेकांनी दोष त्याच्या मनावर ठेवला: दडपण झेपलं नाही, जिद्द कमी पडली वगैरे. मला ते पटत नाही. माझ्या मते त्याचं शरीर, त्याला दिलेली भूमिका आणि तो जिथे खेळला ती मैदानं, या तीन गोष्टींनी त्याच्या कारकिर्दीचा बराचसा निकाल लावला.

आधी थोडी व्यवस्था

भारतीय वाचकाला मायनर लीग ठाऊक असेल तर ती बहुधा रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांच्यामुळे. उत्तर प्रदेशातल्या या दोन भालाफेकपटूंना 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं होतं. हाच पायरेट्स संघ अपेलच्या गोष्टीतही येतो.

मेजर लीगमध्ये 30 संघ आहेत. प्रत्येकाच्या हाताखाली मायनर लीगचे संघ असतात आणि नवा खेळाडू त्यांतून पायरी पायरीने वर सरकतो: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. तिथला संघ सामना जिंकतो की हरतो याला वरच्या मालकांच्या लेखी फारसं महत्त्व नसतं, खेळाडू तयार होतो आहे की नाही याला असतं. पिचरसाठी सर्वांत जास्त पाहिला जाणारा आकडा म्हणजे ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर पडलेल्या धावांची सरासरी. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा त्यात धरत नाहीत. तीनच्या आसपास ईआरए असेल तर उत्तम, चारच्या आसपास ठीक, पाचच्या वर गेला की काळजी.

याशिवाय स्काउटची, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यांची, 20 ते 80 ची पट्टी असते. 50 म्हणजे मेजर लीगमधला सरासरी दर्जा. पिचरच्या प्रत्येक चेंडूला, फास्टबॉल (वेगवान), स्लायडर (वळणारा), चेंजअप (मुद्दाम संथ) यांना, दोन-दोन गुण मिळतात: आज किती आणि पुढे किती होऊ शकेल. प्रॉस्पेक्टच्या याद्या बनतात त्या मुख्यतः दुसऱ्या गुणावर. यादीतला पहिला क्रमांक हा भविष्याचा अंदाज असतो, हे ती वाचणारे आणि बनवणारे दोघेही फार लवकर विसरतात.

स्टॅनफर्ड, आणि नाकारलेले 38 लाख

अपेलचा जन्म ह्यूस्टनचा, पण तो वाढला कॅलिफोर्नियात. सहा फूट पाच इंच उंच, उजव्या हाताचा पिचर. 2009 मध्ये शाळेतून बाहेर पडताना डेट्रॉईट टायगर्सने त्याला पंधराव्या फेरीत निवडलं होतं, पण तो स्टॅनफर्ड विद्यापीठात गेला. 2012 पर्यंत तो देशातला सर्वोत्तम कॉलेज पिचर मानला जाऊ लागला आणि ड्राफ्टमध्ये पहिला नंबर त्याचाच, असं अनेकांनी गृहीत धरलं.

त्याच वर्षी ड्राफ्टचे पैशाचे नियम बदलले. कुठल्या क्रमांकासाठी किती रक्कम याचं कोष्टक आलं आणि ते ओलांडणाऱ्या संघाला दंड बसू लागला. अपेल मोठी रक्कम मागणार ही धास्ती असल्यामुळे संघ त्याला टाळत गेले. ह्यूस्टनने पहिल्या क्रमांकावर पोर्टो रिकोचा 17 वर्षांचा कार्लोस कोरेया घेतला आणि अपेल घसरत आठव्या क्रमांकावर पायरेट्सकडे गेला. त्यांनी 38 लाख डॉलर देऊ केले. त्याने नकार दिला आणि पदवीच्या शेवटच्या वर्षासाठी स्टॅनफर्डला परतला.

त्या वेळी हा निर्णय पुष्कळांना उद्धटपणाचा वाटला. मला तो धाडसी वाटतो. पिचरचा खांदा किंवा कोपर एका दुपारी निकामी होऊ शकतो, आणि मग ते 38 लाख कुणीही परत देत नाही. 2013 चा मोसम त्याने गाजवला: 2.12 ईआरए आणि 106 इनिंगमध्ये 130 स्ट्राइकआऊट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर. जूनमध्ये ह्यूस्टनने पहिल्याच क्रमांकावर त्याचं नाव पुकारलं. त्या क्रमांकासाठी कोष्टकातली रक्कम जवळपास 77 लाख 90 हजार होती, म्हणजे तिच्यापेक्षा बरंच कमी घेऊन त्याने सही केली. हाव असलेला खेळाडू असं वागत नाही.

त्याच्या पाठोपाठ शिकागो कब्जने क्रिस ब्रायंट घेतला. हे नाव अपेलच्या मानगुटीवर बसणार होतं. ब्रायंट 2015 मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, 2016 मध्ये सर्वांत मौल्यवान खेळाडू, आणि त्याच वर्षी कब्जने 1908 नंतरची आपली पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकली. पण त्याच ड्राफ्टमध्ये पुढे मोठा बॅटर ठरलेला न्यूयॉर्क यांकीजचा ॲरन जज 32 व्या क्रमांकावर उरला होता, म्हणजे कितीतरी संघांनी त्याला पाहून सोडून दिलं होतं. अपेलच्या निवडीवर हसणारे ही गोष्ट सहसा सांगत नाहीत.

लँकेस्टर

या प्रकरणातला सगळ्यात जास्त चुकीचा वाचला गेलेला भाग म्हणजे 2014 चा उन्हाळा.

जानेवारीच्या अखेरीस अपेलच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली आणि मोसमाआधीच्या तयारीत खंड पडला. पाठोपाठ हाताच्या अंगठ्याचं दुखणं आलं. अशा अवस्थेत तो हाय-ए पातळीवरच्या लँकेस्टर जेटहॉक्सकडे खेळू लागला. त्याचे तिथले आकडे: 44 इनिंग, ईआरए 9.74. पहिल्या क्रमांकाच्या निवडीसाठी हा आकडा म्हणजे धक्काच होता, आणि तो देशभर फिरला.

आता मैदान पाहा. लँकेस्टर हे लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, मोहावे वाळवंटाच्या कडेला वसलेलं गाव. समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच, हवा कोरडी आणि विरळ, आणि दुपारनंतर सुटणारा वारा. जवळच एडवर्ड्स हवाई तळ आहे, स्टेडियमच्या दारात एक लढाऊ विमान उभं केलेलं असे, आणि स्टेडियमला लोक ‘हँगर’ म्हणत. साधा उंच उडालेला चेंडू तिथे कुंपणापार जायचा. बंगळुरूच्या चिन्नास्वामीवर एखाद्या गोलंदाजाने सगळा मोसम काढावा, तसं ते होतं. कॅलिफोर्निया लीगमध्ये पिचरचे आकडे आधीच फुगलेले असत, आणि त्यातही लँकेस्टरचे सर्वांत जास्त. जेटहॉक्सच्या पिचरचा ईआरए वाचताना हा हिशेब आधी करावा लागायचा.

दुसरी अडचण होती वेळापत्रकाची. कॉलेजचा मुख्य पिचर आठवड्यातून एकदा, बहुधा शुक्रवारी, चेंडू टाकतो. मेजर लीगमध्ये पाळी पाचव्या दिवशी येते. ॲस्ट्रोज तेव्हा आपल्या मायनर संघांत एक प्रयोग करत होते: एकाच सामन्यात दोन पिचरची जोडी लावायची, दोघांनी अर्धा-अर्धा सामना सांभाळायचा आणि पाळी त्यामुळे लवकर फिरायची. कागदावर ही कल्पना वाईट नव्हती, जास्त तरुण पिचरना संधी मिळत होती. पण आठवड्याच्या लयीत वाढलेला, नुकताच शस्त्रक्रियेतून उठलेला, दुखऱ्या हाताचा मुलगा त्या साच्यात बसवणं मला आजही चुकीचं वाटतं. पुढे संघाने त्याला फ्लोरिडातल्या सराव केंद्रात परत पाठवलं, हीच एक प्रकारे त्याची कबुली होती.

याच काळातला एक प्रसंग अपेलने पुढे स्वतः सांगितला. एका वाईट सामन्यानंतर रागाच्या भरात त्याने लाकडी पार्टिशनवर चेंडूमागून चेंडू मारले आणि ते फोडलं. मग दुसऱ्या दिवशी सामान आणून स्वतःच्या हाताने ते दुरुस्तही केलं. बाकीच्यांना या गोष्टीत त्याचा ढळलेला तोल दिसतो, मला ती दुरुस्ती दिसते. जिद्द संपलेला माणूस असं काही करत बसत नाही.

जुलैच्या अखेरीस ॲस्ट्रोजने त्याला ह्यूस्टनला बोलावलं आणि मेजर लीग संघाचे पिचिंग प्रशिक्षक ब्रेंट स्ट्रॉम यांच्या देखरेखीखाली मुख्य स्टेडियममध्ये सराव करायला लावलं. लगेच त्याला डबल-एला, कॉर्पस क्रिस्टी हुक्सकडे बढती दिली. 9.74 ईआरएवर बढती, हे मोठ्या संघातल्या काही खेळाडूंना खटकलं आणि ती कुरबूर वर्तमानपत्रांपर्यंत गेली. कॉर्पस क्रिस्टीला मात्र त्याच मुलाने 39 इनिंगमध्ये 3.69 ईआरए राखला. प्रतिस्पर्धी वरच्या दर्जाचे, तरी आकडे निम्म्याहून खाली. तब्येत सुधारली होती, मैदान बदललं होतं आणि कदाचित स्ट्रॉमनेही काही दुरुस्त केलं होतं. कशाचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. पण खालच्या पातळीवर 9.74 आणि वरच्या पातळीवर 3.69 यातला फरक निव्वळ मानसिक म्हणणं हा आळशीपणा आहे.

फास्टबॉल, आणि बाकीचं खरं

इथवर मी अपेलची बाजू घेतली, पण त्याच्या चेंडूत एक खरी उणीव होती आणि ती दडवून उपयोग नाही. त्याचा फास्टबॉल ताशी 95 मैलांच्या आसपास जायचा, म्हणजे 150 किलोमीटरच्या वर. तरी बॅटर त्यावर जितके चुकायला हवे तितके चुकत नसत. चेंडू हातातून सुटताना त्यांना लवकर दिसतो, आणि तो सरळ येतो, असं अनेक जाणकार तेव्हापासून म्हणत होते. कॉलेजमध्ये नुसता वेग पुरतो. डबल-एपासून वर त्या वेगाची सवय असलेले बॅटर भेटतात, तिथे चेंडूची हालचाल आणि अचूकता लागते. मायनर लीगमधली खरी चाळणी डबल-एला लागते, असं या खेळातले लोक म्हणतात ते याचसाठी.

2015 मध्ये कॉर्पस क्रिस्टी आणि ट्रिपल-एच्या फ्रेस्नो ग्रिझलीज या दोन संघांकडून त्याने 131 इनिंग टाकल्या, ईआरए 4.37. वाईट नाही, पण पहिल्या क्रमांकाला शोभेल असंही नाही. त्या मोसमात ॲस्ट्रोज अचानक स्पर्धेत आले होते, त्यांना सामने संपवणारा पिचर हवा होता, आणि डिसेंबरमध्ये त्यांनी फिलीजकडून केन जाइल्स घेतला. बदल्यात गेलेल्या पिचरच्या घोळक्यात अपेल होता.

फिलीजकडे आल्यावर शरीराने साथ सोडली. 2016 मध्ये ट्रिपल-एच्या लीहाय व्हॅली आयर्नपिग्जकडून आठ सामन्यांत सुरुवातीचा पिचर म्हणून उतरल्यावर खांदा दुखावला, मग कोपरात वाढलेलं हाड काढण्याची शस्त्रक्रिया आणि मोसम संपला. त्या नोव्हेंबरमध्ये संघाने त्याला 40 जणांच्या राखीव यादीत घातलं, नाहीतर नियमाप्रमाणे दुसरा संघ त्याला उचलू शकला असता. 2017 मध्ये 82 इनिंग, ईआरए 5.27, आणि पुन्हा खांदा. त्याहून बोलका आकडा वॉकचा. चार बॉल टाकून बॅटरला फुकट पहिला बेस देण्याचं प्रमाण इतकं वाढलं की ते स्ट्राइकआऊटच्या जवळ येऊन पोहोचलं. स्टॅनफर्डमध्ये अचूकतेसाठी नावाजलेला पिचर स्ट्राइक झोन (चेंडू जिथे टाकायचा तो पट्टा) सापडत नसल्यासारखा चेंडू टाकू लागतो, तेव्हा मी सगळ्यात आधी त्याच्या खांद्याकडे पाहतो. दुखरा खांदा हात जिथे हवा तिथे येऊ देत नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये फिलीजने त्याला 40 च्या यादीतून काढलं. कुठल्याही संघाने उचललं नाही. दोन महिन्यांनी तो थांबला.

खांद्याची शस्त्रक्रिया त्याने नंतर करून घेतली. म्हणजे जगाने ज्याला मनाचा कमकुवत ठरवलं, तो शस्त्रक्रियेची गरज असलेला खांदा घेऊन चेंडू टाकत होता.

परत

2021 मध्ये तो फिलीजकडेच परतला. डबल-एचा रेडिंग आणि पुन्हा लीहाय व्हॅली असं मिळून त्याचा ईआरए सहाच्या वर गेला. तीन वर्षांच्या खंडानंतरचा, तिशीत आलेला पिचर. त्या हिवाळ्यात संघाने त्याला सोडलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. संघाने ठेवून घेतलं आणि एक बदल केला: 2022 मध्ये तो सामना सुरू करणारा पिचर राहिला नाही, शेवटच्या इनिंगना येणारा रिलीव्हर झाला.

रिलीव्हरला बॅटर एकदाच भेटतात. त्याला चेंडूंचे चार प्रकार लागत नाहीत, दोन चांगले पुरतात. सहा इनिंगसाठी ताकद राखून ठेवायची नसते, त्यामुळे वेगही थोडा वाढतो. बॅटरला लवकर दिसणारा फास्टबॉल तिसऱ्यांदा समोर आला की महागात पडतो, पहिल्यांदा तितका पडत नाही. अपेलच्या जुन्या उणिवेला या भूमिकेत जागाच कमी होती. लीहाय व्हॅलीला त्याने 28 इनिंग टाकल्या, ईआरए 1.61, पाच विजय, पराभव एकही नाही. जूनच्या शेवटी मॅनेजरने सहकाऱ्यांसमोर बढतीची बातमी सांगितली, त्याचं चित्रीकरण पुष्कळांनी पाहिलं. चार दिवसांनी पदार्पण.

फिलीजसाठी तो सहा सामने खेळला. 10⅓ इनिंग, ईआरए 1.74. त्यानंतर मेजर लीगमध्ये तो पुन्हा दिसला नाही. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज फिलीज आणि ॲस्ट्रोज या त्याच्या दोन संघांमध्ये झाली, ॲस्ट्रोज जिंकले. अपेल फिलीजच्या त्या संघात नव्हता.

दरम्यान त्याने चढलेल्या काही पायऱ्याच नाहीशा झाल्या होत्या. 2020 नंतर मेजर लीगने आपल्याशी जोडलेले मायनर संघ सुमारे 160 वरून 120 वर आणले. लँकेस्टर जेटहॉक्स बंद पडला. 2013 मध्ये अपेलने व्यावसायिक कारकीर्द जिथे सुरू केली, तो न्यूयॉर्क राज्यातला ट्राय-सिटी व्हॅलीकॅट्सही या व्यवस्थेतून बाहेर फेकला गेला. लहान गावांनी या संघांवर जीव लावला होता. खेळाडू तयार करण्याचा हिशेब काटेकोर झाला, त्याची किंमत त्या गावांनी मोजली, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं.

भूमिका आधी बदलली असती तर?

मला या प्रकरणात सर्वांत जास्त छळणारा प्रश्न हा आहे. 2022 चे आकडे थोडे आहेत, दोन्ही पातळ्या मिळून 40 इनिंगसुद्धा होत नाहीत, त्यावरून अपेल आधीच रिलीव्हर झाला असता तर मोठा झाला असता असं ठामपणे म्हणता येत नाही. 2014 किंवा 2015 मध्ये ॲस्ट्रोजने त्याला सामना सुरू करणारा म्हणूनच घडवत राहणं समजण्यासारखं होतं. ज्याच्यात 180 इनिंग टाकायची क्षमता दिसते, त्याला 60 इनिंगचा पिचर करण्याची घाई कुठलाही शहाणा संघ करत नाही.

पण 2017 च्या वसंतात परिस्थिती वेगळी होती. कोपराची शस्त्रक्रिया झालेली, खांदा एकदा दुखावलेला, फास्टबॉलविषयीची शंका तीन वर्षं जुनी, आणि तो 40 च्या यादीत असल्यामुळे मेजर लीगमध्ये बोलावणं कधीही शक्य होतं. फिलीजचा मोठा संघ त्या वर्षी 96 सामने हरला, म्हणजे प्रयोगाला जागाही होती. तरीही त्याला दर पाचव्या दिवशी सामना सुरू करायला पाठवत राहिले. त्या 82 इनिंगऐवजी चाळीसेक इनिंग, एका वेळी एक, असा मोसम त्याला दिला असता तर तो खांदा टिकला असता का, सांगता येत नाही. पण प्रयत्न तेव्हाच करायला हवा होता. पाच वर्षांनी तो केला तेव्हा अपेल 30 वर्षांचा होता.